श्वासमार्गे दिलेल्या प्रतिजैविकांचे श्वासोपद्रव आणि औषधसात्म्याची पुनःस्थापना

कर्जत व खालापूर या तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यास जुनाट खोकल्याचे रुग्ण नवीन नाहीत. चुलीचा धूर, वीटभट्टीची राख, भातगिरणीचा कोंडा, खोपोली परिसरातील कारखान्यांची हवा आणि या सर्वांच्या जोडीला पूर्वी होऊन गेलेला क्षय, अशा कारणपरंपरेने फुप्फुसे जर्जर झालेले रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या नोंदवहीत आहेत. क्षय बरा झाला, थुंकीत जंतू उरले नाहीत, तरीही रोज वाटीभर हिरवट-पिवळा कफ पडतो आणि वर्षातून तीन-चार वेळा ताप येऊन रुग्ण खालावतो. अशा रुग्णाच्या श्वासनलिका कायमच्या फाकलेल्या असतात. या विकारास ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. भारतातील ३१ केंद्रांतील २१९५ रुग्णांची जी नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत या विकाराचे सर्वाधिक आढळलेले कारण पूर्वीचा क्षय हेच होते. त्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते.

अशा फाकलेल्या नलिकांत स्यूडोमोनास जातीच्या जंतूंनी ठाण मांडले, की मुंबई-पनवेलकडील छातीविकारतज्ज्ञ काही रुग्णांना नेब्युलायझरमधून प्रतिजैविक घेण्यास सांगतात. रुग्ण लोकलने कर्जत वा खोपोलीस परततो. औषधाचा कागद घेऊन तो प्रथम औषधविक्रेत्याकडे जातो आणि दम लागला की आपल्याकडे येतो. म्हणजे औषध लिहिणारा दूर आणि उपद्रव पाहणारे आपण, अशी ही स्थिती आहे. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्यातूनच निर्माण झाले आहे. आधुनिक औषधे कोणी लिहावीत, हा येथे विषय नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या औषधाने आपल्या दारात रुग्ण कासावीस झाला असता आपण काय ओळखावे, काय करावे आणि विशेषतः काय लिहू नये, एवढाच विषय आहे.

एक रुग्णवृत्त आणि आमची चूक

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस कर्जत तालुक्यातील एका वाडीवरचा, पंचेचाळिशीच्या आसपासचा शेतमजूर संध्याकाळी आमच्याकडे आणला गेला. पूर्वी क्षय झालेला, ब्राँकिएक्टेसिसचे निदान झालेले, आणि मुंबईच्या एका रुग्णालयातून टोब्रामायसिनचे नेब्युलायझेशन सुरू असलेले. पहिला महिना त्याला औषध उत्तम मानवले होते. त्या दिवशी औषध घेण्यास सुरुवात केल्यावर दहा मिनिटांच्या आत छाती आवळली, शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, बोलणे तुटू लागले. अंगावर पित्त नव्हते, ओठ-डोळे सुजलेले नव्हते, रक्तदाब चांगला होता. आम्ही प्राणवायू व साल्ब्युटामॉल दिले, अर्ध्या तासात श्वास मोकळा झाला. मग आम्ही केसपेपरवर लाल शाईने लिहिले, ‘टोब्रामायसिन – ॲलर्जी. पुन्हा देऊ नये.’

त्याची पत्नी दाराशी उभी होती. ती म्हणाली होती, “औषध तेच आहे डॉक्टर, फक्त बाटली दुसरी मिळाली.” आम्ही ते ऐकले, पण त्यावर विचार केला नाही.

पुढील चार महिन्यांत त्या एका लाल ओळीने काय केले, ते पाहा. टोब्रामायसिन बंद झाले. त्याच गटातील जेन्टामायसिन व ॲमिकासिन यांनाही ॲलर्जी असू शकते या भीतीने तीही टाळली गेली. रुग्णास दोनदा तीव्र संसर्ग होऊन भरती व्हावे लागले आणि वजन घटले. शेवटी एका छातीविकारतज्ज्ञांनी घरची रिकामी बाटली आणावयास सांगितली, तेव्हा उलगडा झाला. नेब्युलायझरसाठी बनविलेले, परिरक्षकविरहित द्रावण महाग व दुर्मिळ म्हणून संपल्यावर त्याऐवजी टोब्रामायसिनचे शिरेत-स्नायूत देण्याचे साधे इंजेक्शन घेतले गेले होते. त्यात फिनॉल व सल्फाइट जातीची परिरक्षके होती. तज्ज्ञांनी रुग्णालयात आधी साल्ब्युटामॉल देऊन, फुप्फुसक्षमता मोजून, परिरक्षकविरहित टोब्रामायसिनची चाचणीमात्रा दिली. ती रुग्णास सहज मानवली. औषधाची ॲलर्जी नव्हतीच. दोष बाटलीत होता, आणि ती बाटली पाहण्याची तसदी आम्ही घेतली नव्हती.

ही चूक आमची होती. ती येथे मांडण्याचे कारण एवढेच, की असे शब्द आपण सर्वच जण घाईत लिहितो.

श्वास का आवळतो?

श्वासमार्गे प्रतिजैविक देण्याची कल्पना जुनी आहे. पेनिसिलिनचे तुषार १९४० च्या दशकातच वापरून पाहिले गेले. नेब्युलायझरसाठी खास बनविलेल्या टोब्रामायसिनला अमेरिकेत डिसेंबर १९९७ मध्ये मान्यता मिळाली. ३०० मि.ग्रॅ. दिवसातून दोन वेळा, २८ दिवस घेणे व २८ दिवस थांबणे, असा त्याचा क्रम ठरला. पुढे ॲझ्ट्रिओनाम २०१० साली व ॲमिकासिनचे लायपोसोमयुक्त द्रावण २०१८ साली आले. कोलिस्टिन त्याही आधीपासून वापरात आहे. औषध थेट रोगस्थानी पोहोचते, रक्तात अल्प उतरते, त्यामुळे वृक्क व कान यांवरचा ताण कमी राहतो, हा या मार्गाचा लाभ. परंतु ज्या श्लेष्मल त्वचेवर ते पडते, ती आधीच सुजलेली व हळवी असते. त्यातून होणारे श्वासोपद्रव चार निरनिराळ्या जातींचे आहेत, आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे.

पहिली जात क्षोभजन्य आकुंचनाची. ही सर्वांत अधिक आढळते. द्रावण शरीरद्रवांपेक्षा फार पातळ वा फार तीव्र असणे, ते आम्लधर्मी असणे, त्यात परिरक्षके असणे, यांपैकी कशानेही श्वासनलिकांचे स्नायू आवळतात. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या तुषारांनीही दम्याच्या रुग्णात आकुंचन घडते, हे प्रयोगसिद्ध आहे. कोलिस्टिनसारखी औषधे मास्ट पेशींतून हिस्टामिन सुटण्यास थेट कारण होऊ शकतात. त्यासाठी ॲलर्जीची पूर्वतयारी लागत नाही. लक्षणे काही मिनिटांत सुरू होतात, छातीपुरती राहतात आणि साल्ब्युटामॉलने उतरतात.

दुसरी जात खऱ्या ॲलर्जीची. येथे शरीराने त्या औषधाविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिपिंडे बनविलेली असतात. श्वास आवळण्याबरोबर अंगाला खाज, गांधी, ओठ-जीभ-डोळ्यांवर सूज, उलटी, चक्कर, रक्तदाब घसरणे यांपैकी काही दिसते. ही जात विरळ आहे, पण प्राणघातक होऊ शकते.

तिसरी जात उशिरा दिसते. काही तासांनी वा दिवसांनी ताप, कोरडा खोकला, वाढता दम व फुप्फुसांत दोन्ही बाजूंना सूज, असे अतिसंवेदी न्युमोनायटिसचे चित्र उभे राहते. लायपोसोमयुक्त ॲमिकासिनच्या माहितीपत्रकात हा उपद्रव, कफातून रक्त पडणे व श्वासनलिका आवळणे यांचा ठळक चौकटीत इशारा दिलेला आहे.

चौथी जात बहुधा विसरली जाते. कोलिस्टिन व टोब्रामायसिनच्या गटातील औषधे मज्जातंतू व स्नायू यांच्या संधीवर परिणाम करतात. मायस्थेनियासारखा स्नायुदौर्बल्याचा विकार असलेल्या रुग्णात शिट्टीचा आवाज नसतानाही श्वास उथळ व क्षीण होऊ शकतो. तेथे साल्ब्युटामॉलचा उपयोग नाही, तातडीने रुग्णालय गाठणे हाच उपाय.

आवाज बसणे, घसा खवखवणे, औषध घेताना दोन-चार वेळा खोकला येणे, हे सामान्य उपद्रव आहेत. त्यांना ॲलर्जी म्हणू नये.

सहनशीलता परत कशी आणतात?

येथे दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात, आणि घोटाळा तेथेच होतो.

क्षोभजन्य आकुंचनात शरीराला काही शिकवावयाचे नसते; औषध देण्याची पद्धत सुधारावयाची असते. औषधापूर्वी १५ ते २० मिनिटे साल्ब्युटामॉल देणे, त्यानंतर कफ सुटण्याचा व्यायाम करवून नलिका मोकळ्या करणे, परिरक्षकविरहित औषध वापरणे, ते योग्य द्रवात व योग्य प्रमाणात विरघळविणे, सावकाश व शांत श्वासाने घेणे, आणि तरीही न मानवल्यास तज्ज्ञांनी दुसरे औषध निवडणे, हा तो क्रम. पहिली मात्रा नेहमी रुग्णालयात, निरीक्षणाखाली द्यावी असा संकेत आहे. औषधापूर्वी व नंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजतात. त्यात १५ टक्के वा अधिक घट झाली, तर औषध जसेच्या तसे घरी देत नाहीत.

खऱ्या आयजीईजन्य ॲलर्जीत, आणि त्या औषधास पर्याय नसेल तेव्हाच, डीसेन्सिटायझेशन करतात. औषधाच्या पूर्ण मात्रेच्या हजारावा किंवा दहाहजारावा भाग देऊन सुरुवात होते. दर १५ ते ३० मिनिटांनी मात्रा साधारण दुप्पट करीत काही तासांत पूर्ण मात्रा गाठतात. हे अतिदक्षता विभागाच्या तयारीने, हाताशी ॲड्रेनॅलिन ठेवून करावयाचे कर्म आहे. अल्प मात्रांच्या सलग माऱ्याने मास्ट पेशी काही काळ निष्क्रिय होतात, हे त्यामागील तत्त्व. पेनिसिलिनबाबत ही पद्धत १९४० च्या दशकापासून ज्ञात आहे. श्वासमार्गे टोब्रामायसिन घेणाऱ्या मोजक्या रुग्णांतही ती यशस्वी झाल्याची वृत्ते आहेत.

परंतु वाचकांनी एक वाक्य अधोरेखित करून ठेवावे: ही सहनशीलता तात्पुरती असते. औषध सलग चालू आहे तोवरच ती टिकते. काही दिवसांचा खंड पडला, की मास्ट पेशी पुन्हा जाग्या होतात आणि रुग्ण पूर्ववत ॲलर्जिक होतो. अशा वेळी घरी पूर्ण मात्रा घेतली, तर ती जिवावर बेतू शकते. २८ दिवस औषध व २८ दिवस विश्रांती हा क्रम अशा रुग्णास म्हणूनच जसाच्या तसा लावता येत नाही. तो कसा चालवावा, हे तज्ज्ञांनाच ठरवावे लागते.

आपल्या भागात खंड पडण्याची कारणे आपणास ठाऊक आहेत. आषाढ-श्रावणात वीज दोन-दोन दिवस जाते व नेब्युलायझर बंद पडतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भट्टीवर जातात आणि यंत्र घरीच राहते. लावणीच्या दिवसांत मुंबईची फेरी चुकते, औषध संपते. मुंबईच्या तज्ज्ञांना हे दिसत नाही, आपणास दिसते. म्हणून ‘मध्ये औषध किती दिवस बंद होते?’ हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपली आहे.

ज्या रुग्णास औषधाने त्वचा सोलवटणे, तोंडात-डोळ्यांत फोड येणे, वा ताप-पुरळासह यकृत-वृक्क बिघडणे असे गंभीर विकार झाले असतील, त्याला डीसेन्सिटायझेशन कदापि करीत नाहीत. तिसऱ्या जातीच्या न्युमोनायटिसलाही हा मार्ग लागू नाही. तेथे औषध कायमचे वर्ज्य.

आयुर्वेदीय दृष्टी

सात्म्याची कल्पना आपणास परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात अहितकर सवय सोडण्याचा व हितकर सवय जोडण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. वर्धमान पिप्पलीतही मात्रा क्रमाने चढविली व उतरविली जाते. अल्पापासून आरंभ करून शरीरास द्रव्याची ओळख करून देणे, हे तत्त्व वरील पद्धतीशी मिळतेजुळते वाटते. मात्र साम्य तेथेच संपते. ओकसात्म्य हे दीर्घ अभ्यासाने दृढ होते. डीसेन्सिटायझेशनची सहनशीलता काही तासांत मिळते व काही दिवसांत जाते. पादांशिक क्रमाचा आधार घेऊन ‘थोडे थोडे औषध घरीच घेऊन पाहा’ असा सल्ला कोणी वैद्याने दिला, तर तो शास्त्राचा विपर्यास ठरेल.

चिकित्सेबाबत आमचा अनुभव असा, की वासा, कण्टकारी, पिप्पली, यष्टिमधु यांचे कल्प, कोष्ण जल, लघु आहार व छातीला तैल-स्वेद यांनी अशा रुग्णांचा कफ सुटणे सुलभ होते. त्यांनी प्रतिजैविकाची ॲलर्जी नाहीशी होते, असे आम्हांस दिसलेले नाही व तसा दावा कोणी करू नये. ज्या खोलीत नेब्युलायझेशन चालते, तेथे धूपन वा धूमपान टाळावे. आवळलेल्या नलिकांस कोणताही धूर हितकर नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

१. नेब्युलायझरसाठी लिहिलेल्या प्रतिजैविकाऐवजी त्याच नावाचे इंजेक्शन स्वतःच्या विचाराने देऊ नये. नाव एक असले, तरी परिरक्षके व आम्लता भिन्न असतात. जेन्टामायसिन व ॲमिकासिनच्या अनेक इंजेक्शनांत सल्फाइट असते. तज्ज्ञाने जाणूनबुजून इंजेक्शनच लिहिले असल्यास एकदा दूरध्वनीवर खात्री करावी.

२. पावडरच्या कुपीबरोबर सवयीने १० मि.लि. पाण्याची कुपी देऊ नये. कोणता द्रव व किती मि.लि., हे कागदावर नसेल तर विचारून लिहून द्यावे. घरचे उकळलेले पाणी कधीही नाही.

३. कोलिस्टिनच्या कुपीवरील मापाकडे नीट पाहावे. १० लाख युनिट म्हणजे सुमारे ८० मि.ग्रॅ. कोलिस्टिमिथेट सोडियम. युनिट व मिलिग्रॅम यांच्या घोटाळ्यात मात्रा चुकते.

४. कोलिस्टिन घेण्याच्या वेळीच विरघळवावे व लगेच वापरावे. कुपी जोराने हलवू नये, फेस होतो. आधी तयार करून ठेवलेले कोलिस्टिनचे द्रावण वापरल्यानंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचे निदर्शनास आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २००७ मध्ये इशारा दिला होता. द्रावणात कोलिस्टिनचे अधिक दाहक रूप तयार होते, हे त्याचे कारण.

५. महिन्याच्या मध्ये खंड पडून रुग्ण पुन्हा औषध नेण्यास आला, तर ‘पूर्वी कधी त्रास झाला होता का, रुग्णालयात हळूहळू मात्रा वाढवून दिली होती का?’ हे विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास औषध देण्यापूर्वी डॉक्टरांकडे पाठवावे.

वैद्यबंधूंसाठी

रुग्ण दम लागून आला, की प्रथम नेब्युलायझर थांबवावा व रुग्णास बसवावे. प्राणवायूचे प्रमाण पाहून प्राणवायू द्यावा. केवळ छातीचे आकुंचन असल्यास साल्ब्युटामॉल. अंगावर गांधी, चेहऱ्यावर सूज, उलटी वा घसरता रक्तदाब यांची जोड असल्यास विलंब न लावता ॲड्रेनॅलिन १:१००० हे प्रौढास ०.५ मि.लि. मांडीच्या बाहेरील स्नायूत द्यावे; सुधारणा नसल्यास पाच मिनिटांनी पुन्हा द्यावे. आपल्याकडे ‘ॲव्हिल-डेक्सा’ देऊन वाट पाहण्याची रूढी आहे. ती दोन्ही औषधे ॲड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाहीत. त्याच वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे शमली तरी काही तासांनी पुन्हा उलटू शकतात, म्हणून रुग्णास लगेच घरी धाडू नये.

रुग्ण स्थिरावल्यावर बाटली, पाण्याची कुपी व यंत्र मागवून प्रत्यक्ष पाहावे. मग केसपेपरवर निदान नव्हे, तर घटना लिहावी: कोणते औषध, कोणत्या कंपनीचे, इंजेक्शन की नेब्युलायझरचे द्रावण, कशात व किती विरघळविले, आधी साल्ब्युटामॉल घेतले होते का, कितव्या मिनिटाला त्रास सुरू झाला, त्वचा व रक्तदाब कसे होते, कशाने उतरले, आणि मध्ये किती दिवस खंड होता. ‘तूर्त औषध थांबविले, कारण निश्चित होईपर्यंत घरी देऊ नये’ एवढे लिहिणे पुरेसे व सुरक्षित आहे. ॲलर्जीचा निर्णय तज्ज्ञांवर सोडावा. अशा घटनेची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते.

आमचा तो रुग्ण आजही त्याच वाडीवर आहे. त्याची पत्नी आता प्रत्येक नवी बाटली उघडण्यापूर्वी ती घेऊन आमच्याकडे दाखविण्यास येते. त्या जुन्या केसपेपरवरील लाल ओळ आम्ही खोडली नाही. तिच्याखाली दिनांक घालून दुरुस्ती लिहिली आहे, म्हणजे पुढच्या वैद्यास दोन्ही दिसतील. आपल्या नोंदवह्यांतही अशा काही लाल ओळी असतील. सवड काढून त्या एकदा तपासाव्यात, आणि ज्या बाटली न पाहता लिहिल्या गेल्या, त्या रुग्णांना पुन्हा बोलवावे, एवढीच विनंती.